फाइल ‘फक्त वाचा’ म्हणते तेव्हा प्रत काढू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी एका रुग्णालयाच्या कार्यालयात लिपिक आहे. परिचारिकांचा ड्यूटी चार्ट संगणकावर पूर्ण करून त्याची छापील प्रत वॉर्डावॉर्डात लावणं, हे काम २२ वर्षांपासून माझ्याकडे आहे. काही महिन्यांपूर्वी एका रविवारी रात्री आमच्या मेडिकल वॉर्डात ३४ रुग्णांसाठी दोन सिस्टर असायच्या त्या जागी एकही आली नाही. एक आजारी होती, तिचा निरोप होता. दुसरीचं नाव भिंतीवरच्या चार्टमध्ये रात्रपाळीला होतं आणि तिला मात्र ‘तुमची ड्यूटी बदलली आहे, तुम्हाला ऑफ आहे’ असं शनिवारीच सांगितलेलं होतं. संध्याकाळच्या पाळीच्या सिस्टर दुपारी २ वाजता कामावर आल्या होत्या. त्या सकाळी साडेसातपर्यंत वॉर्डात उभ्या राहिल्या. साडेसतरा तास. रुग्णांना काही झालं नाही ते केवळ त्यांच्यामुळे.

सोमवारी चौकशी झाली आणि चूक कुणाची यावर बरंच बोलणं झालं. मी माझ्या परीनं शोध घेतला तेव्हा दिसलं ते असं, की आमच्या शेअर्ड फोल्डरमध्ये एकाच आठवड्याचे तीन चार्ट होते. एक मूळ, एक मी केलेला ‘नवीन’ आणि एक सहायक मेट्रननी केलेला ‘नवीन २’. तिन्हींत थोडं खरं होतं. पूर्ण खरा एकही नव्हता.

हे कसं घडलं ते सविस्तर लिहिते आहे. ज्या ज्या कार्यालयात चार माणसं एकाच फोल्डरमधल्या फाइलींवर काम करतात तिथे हे रोज घडत असणार याची मला खात्री आहे. गुरुवारी मेट्रननी चार्टची फाइल उघडली होती आणि तेवढ्यात वीज गेली. त्यांचा संगणक बंद पडला. वीज आल्यावर त्या दुसऱ्या कामाला लागल्या. शुक्रवारी मी तीच फाइल उघडायला गेले तर वर्डनं सांगितलं, ही फाइल ‘यूजर’ यांनी संपादनासाठी उघडलेली आहे. खाली तीन पर्याय होते: वाचण्यापुरती प्रत उघडा, आपल्या संगणकावर प्रत करून बदल नंतर मिळवा, किंवा मूळ फाइल मोकळी झाली की कळवू. मी पहिला पर्याय घेतला, तीन सिस्टरांच्या अदलाबदली केल्या, सेव्ह करायला गेले तर वर्डनं दुसरं नाव मागितलं. मी नाव दिलं. शनिवारी सहायक मेट्रनना मूळ फाइलवर अगदी हाच अनुभव आला आणि त्यांनीही नाव दिलं. आमच्यापैकी कुणीही निष्काळजी नव्हतं. संगणकानं जी वाट दाखवली तिच्यावरून आम्ही दोघी गेलो, एवढंच.

म्हणून माझं पहिलं आणि मुख्य म्हणणं हेच आहे. सामायिक फाइल ‘रीड-ओन्ली’ उघडली की तिची दुसऱ्या नावानं प्रत काढून काम पुढे रेटू नका. आधी ती तशी का उघडली ते शोधा. कारण जवळजवळ प्रत्येक वेळी सापडतं आणि बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत सापडतं. प्रत काढली की ते कारण तसंच राहतं आणि वर दोन फाइली होतात. त्या दोन्ही पुढे वेगवेगळ्या वाढत जातात आणि त्यांतली खरी कोणती हे आठवड्याभरानं कुणीही सांगू शकत नाही.

आमच्याकडे संगणकांची देखभाल करणारा एक तरुण तंत्रज्ञ येतो. त्या प्रकारानंतर तो माझ्या शेजारी दोन तास बसला आणि त्यानं मला सगळं दाखवून दिलं. आधी त्यानं फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन लपवलेल्या फाइली दिसतील अशी खूण केली. चार्टच्या फाइलशेजारी लगेच एक फिकट रंगाची इवलीशी फाइल दिसू लागली. नाव चार्टचंच, पण पहिली दोन अक्षरं जाऊन त्या जागी एक लहरी रेघ आणि डॉलरचं चिन्ह. तारीख गुरुवारची, वेळ वीज गेली त्याच्या थोडी आधीची. तो म्हणाला, “ताई, ही त्या फाइलची कडी आहे. वर्ड फाइल उघडताना ही लावतं आणि नीट बंद करताना काढतं. गुरुवारी नीट बंद करायला मिळालंच नाही, म्हणून ती लागलेली राहिली.” त्या इवल्या फाइलमध्ये, ज्यानं मूळ फाइल उघडली त्याचं नाव असतं आणि तेच नाव पुढच्या माणसाला संदेशात दिसतं. एक्सेलमध्येही अशी फाइल तयार होते, तिथे ती दोन चिन्हं पूर्ण नावाच्या आधी येतात. लिब्रे ऑफिस वापरणाऱ्यांना त्याच जागी टिंबानं सुरू होणारी, नावात ‘लॉक’ असलेली फाइल सापडेल.

आता त्या ‘यूजर’बद्दल. आमच्या ११ संगणकांवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस (वर्ड, एक्सेल वगैरे) एकाच माणसानं एकाच दिवशी बसवलं होतं आणि प्रत्येक ठिकाणी वापरणाऱ्याचं नाव ‘यूजर’ असंच ठेवलं होतं. त्यामुळे ती कडी, म्हणजे फाइलला लागलेलं कुलूप, कुणाचं हे सांगण्याची जी सगळ्यात सोपी सोय आहे ती आमच्याकडे पहिल्या दिवसापासून निकामी होती. शुक्रवारी संदेशात ‘मेट्रन’ एवढं जरी दिसलं असतं तरी मी फोन उचलून विचारलं असतं आणि रविवारची रात्र तशी गेली नसती. हे नाव बदलायला एक मिनिट लागतं. वर्डमध्ये ‘फाइल’, मग ‘ऑप्शन्स’, मग ‘जनरल’ आणि तिथे ‘यूजर नेम’. ऑफिसमध्ये खात्यानं साइन-इन केलेलं असेल तर नाव खात्यावरून घेतलं जातं. त्याच जागी ‘साइन-इन काहीही असलं तरी हीच नावं वापरा’ अशी एक चौकट आहे, तिच्यावर खूण करावी लागते. आमच्याकडे एका संगणकावर तीन पाळ्यांची माणसं बसतात, त्यामुळे मी माणसाचं नाव न देता जागेचं दिलं: ‘मेट्रन ऑफिस, खिडकीजवळचा’, ‘आस्थापना, दाराजवळचा’. पाळी कुणाचीही असो, त्या टेबलावर फोन लागतो.

कुलूप लागलेलं दिसलं तर मी आता काय करते ते सांगते. ज्या टेबलाचं नाव दिसतं तिथे फोन. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. माणूस फाइल उघडी ठेवून राऊंडला गेलेला असतो. पलीकडून ‘मी तर कधीच बंद केली’ असं उत्तर आलं तर त्या संगणकावर टास्क मॅनेजर, म्हणजे काय काय चालू आहे त्याची यादी दाखवणारी खिडकी, उघडायला सांगते. खिडकी बंद झालेली असूनही वर्ड आतून चालूच राहिलं आहे, असं मी स्वतः कितीदा तरी पाहिलं आहे. यादीत ते दिसलं की इतर सगळी कामं सेव्ह करून ते तिथून बंद करायचं.

एवढ्यानंही कुलूप सुटलं नाही तर सर्व्हर, म्हणजे सामायिक फोल्डर ज्यावर असतो तो मुख्य संगणक, पाहावा लागतो आणि हे तंत्रज्ञाचं किंवा ज्याला अधिकार दिला आहे त्याचं काम आहे. विंडोजच्या सर्व्हरवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’ आणि त्याखाली ‘ओपन फाइल्स’ अशी यादी असते. कोणती फाइल कोणाच्या खात्यानं उघडी आहे हे तिथे स्पष्ट दिसतं. तिथूनच ती सक्तीनं बंदही करता येते. पण पलीकडे खरोखरच कुणी टंकत बसलेलं असेल तर त्याचं सेव्ह न केलेलं काम जाऊ शकतं, म्हणून आमच्याकडे आता फोन केल्याशिवाय कुणी ते बटण दाबत नाही.

हे सगळं पाहून झालं, फाइल कुठेही उघडी नाही याची खात्री झाली आणि तरी ती फिकट फाइल तिथेच बसलेली असेल, तर ती चुकून मागे राहिलेली कडी समजून काढून टाकायची. मूळ चार्टला हात लागणार नाही याकडे तेवढं लक्ष द्यायचं, कारण दोन्ही नावं जवळजवळ सारखी दिसतात. फाइल प्रत्यक्षात उघडी असेल तर विंडोज सहसा ती फिकट फाइल काढूच देत नाही, ‘वापरात आहे’ म्हणून सांगतं. तसं सांगितलं तर हट्ट करू नये, पुन्हा फोनकडे वळावं.

एक कारण मला अगदी अनपेक्षित होतं. आमच्या हिशेब विभागातल्या एका सहकाऱ्यानं फोल्डरच्या खिडकीत उजवीकडे फाइलचं पूर्वदर्शन दाखवणारी पट्टी कायम चालू ठेवली होती. फाइल न उघडता, तिच्यावर नुसतं एकदा क्लिक केलं तरी त्या पट्टीत मजकूर दिसावा म्हणून संगणक ती आतून उघडतो आणि कधी कधी तेवढ्यानंही दुसऱ्यांसाठी ती अडकते. ते बिचारे शपथेवर सांगत होते की मी फाइल उघडलेली नाही आणि ते खरंच होतं. ‘ऑल्ट’ आणि ‘पी’ ही दोन बटणं एकत्र दाबली की ती पट्टी बंद होते. सामायिक फोल्डरवर ती बंदच ठेवावी.

आतापर्यंतचं सगळं कुलपाचं झालं. फाइल आज अडते आणि उद्या उघडते, मला अडते आणि थोड्या वेळानं दुसऱ्यालाही अडते, तेव्हा बहुधा कुलूप असतं. पण एकाच माणसाला रोज अडते आणि बाकीच्यांना कधीच अडत नाही, तेव्हा प्रश्न परवानगीचा असतो. त्या वेळी कुलूप शोधत बसण्यात दिवस जातात.

परवानगीचा आमचा अनुभव सांगण्यासारखा आहे. सर्जिकल वॉर्डाच्या नव्या इन्चार्ज सिस्टरना चार्टच्या फोल्डरचा अधिकार दिला गेला, पण त्यांना कधीच सेव्ह करता येईना. पहिलं कारण सापडलं ते असं, की विंडोजमध्ये सामायिक फोल्डरवर दोन ठिकाणी परवानग्या असतात, एक शेअरवर, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डरमध्ये येण्याच्या वाटेवर, आणि एक डिस्कवरच्या फोल्डरवर आणि दोन्हींतली जी कडक ती लागू होते. त्यांना फोल्डरवर लिहिण्याची मुभा होती, शेअरवर फक्त वाचण्याची. ते दुरुस्त झालं तरी सेव्ह करताना चूक येतच राहिली आणि फोल्डरमध्ये लहरी रेघेनं सुरू होणाऱ्या, ‘टीएमपी’नं संपणाऱ्या फाइली साठू लागल्या. तंत्रज्ञ त्या पाहताच म्हणाला, यांना लिहिता येतंय पण पुसता येत नाहीये. वर्ड सेव्ह करताना जुन्या फाइलवर लिहीत नाही. ते शेजारी एक नवी तात्पुरती फाइल तयार करतं, जुनी बाजूला सारून काढून टाकतं आणि नवीला जुनीचं नाव देतं. म्हणून ज्याला फाइलमध्ये बदल करायचा आहे त्याला ‘राइट’ पुरत नाही, ‘मॉडिफाय’ लागतं, कारण पुसण्याची परवानगी त्यात असते. एक्सेलच्या बाबतीत अशा वेळी आठ अक्षर-अंकांच्या अगम्य नावाच्या फाइली मागे राहिलेल्या दिसतात. त्या दिसल्या की व्हायरस आला म्हणून घाबरू नये, आधी परवानगी तपासावी. आणि वैतागून सगळ्यांना ‘फुल कंट्रोल’ देऊन टाकण्याचा जो उपाय सर्रास केला जातो त्याला माझा ठाम विरोध आहे. आमच्या त्याच फोल्डरात परिचारिकांच्या रजा आणि आजारपणाच्या नोंदी असतात.

फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रीड-ओन्ली’पुढे जो भरलेला छोटा चौकोन दिसतो त्याच्यामागे लागू नये. फाइलच्या प्रॉपर्टीजमधली खूण खरी असते, ती काढली की फरक पडतो. फोल्डरवरचा चौकोन काढला तरी परत येतो आणि त्याचा फाइल अडण्याशी संबंध नसतो.

ईमेलनं आलेली फाइल पिवळी पट्टी घेऊन उघडते तो प्रकार आणखी वेगळा आहे. ऑफिस २०१० पासून बाहेरून आलेल्या फाइली संरक्षित स्वरूपात उघडतात आणि ‘एनेबल एडिटिंग’ दाबेपर्यंत बदल होत नाही. ही आपल्या भल्याची सोय आहे, कारण कागदपत्रांत लपवून घातक गोष्टी पाठवल्या जातात. पाठवणारा ओळखीचा आहे आणि फाइल येणार हे ठाऊक आहे, तेव्हाच ते बटण दाबावं. उतरवून घेतलेली फाइल सारखीच अडत असेल आणि ती विश्वासाची असेल, तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये खाली ‘अनब्लॉक’ची चौकट सापडते. पण चार्टच्या संदर्भात मला जास्त काळजी वेगळीच वाटते. ईमेलमधूनच थेट उघडलेली फाइल म्हणजे तात्पुरत्या जागी ठेवलेली एक प्रत असते. तिच्यात तुम्ही कितीही टंकलंत तरी सामायिक फोल्डरमधल्या फाइलला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून मी आता चार्ट कुणालाही जोडपत्र म्हणून पाठवत नाही, फाइल कुठे आहे तो मार्ग लिहून पाठवते.

कुणी मुद्दाम फाइल बंद केली असेल तर तेही ओळखता आलं पाहिजे. ‘मार्क ॲज फायनल’ केलेल्या फाइलवर तशी पट्टी दिसते आणि ‘एडिट एनीवे’ दाबून कुणीही आत जाऊ शकतो. बदलासाठी पासवर्ड ठेवलेला असेल तर तो विचारला जातो. मंजुरीनंतर आमच्या मेट्रन आता चार्ट ‘फायनल’ करतात. ते बटण दाबणं माझ्या हातात असूनही मी त्यांना विचारल्याशिवाय दाबत नाही. आणि एखाद्या संगणकावर एक फाइल नव्हे, सगळ्याच फाइली बदलता येईनाशा झाल्या, तर ऑफिसच्या परवान्याची मुदत संपली आहे का ते ‘अकाउंट’च्या पानावर पाहावं.

मला काहींनी विचारलं, की मग सगळं वनड्राइव्हवर किंवा गूगल डॉक्सवर का नेत नाही, तिथे तर सगळ्यांना एकदम लिहिता येतं. येतं, हे खरं आहे आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर न्यावं. फक्त तिथेही दुवा ‘फक्त पाहण्यासाठी’ दिलेला असेल तर हाच अनुभव येतो आणि जुन्या ‘डॉक’ किंवा ‘एक्सएलएस’ प्रकारच्या फाइलीवर वनड्राइव्हवरही एकत्र काम करता येत नाही, ती आधी नव्या प्रकारात सेव्ह करावी लागते. आपल्या सर्व्हरवरच्या साध्या सामायिक फोल्डरमध्ये मात्र वर्डच्या फाइलवर एका वेळी एकालाच लिहिता येतं. हे माहीत नसल्यामुळे लोक त्याला बिघाड समजतात.

आणि तो तिसरा पर्याय, ‘मोकळी झाली की कळवू’. इतक्या वर्षांत मी तो एकदाही निवडला नव्हता. आता तोच निवडते. पलीकडच्यानं फाइल बंद केली की माझ्या पडद्यावर सूचना येते आणि मी मूळ फाइलमध्येच लिहिते.

संगणकांची देखभाल करणाऱ्यांना एक विनंती आहे. फाइल अडल्याचा फोन आला की सर्व्हर बंद करून चालू करू नका. त्यानं कुलूप सुटतं, म्हणून सगळे खूश होतात, पण त्या क्षणी इतरांच्या ज्या फाइली उघड्या होत्या त्यांचं काय होतं हे कुणी विचारत नाही आणि कारण कुणालाच कळत नाही. त्याऐवजी त्या लिपिकाच्या शेजारी बसून ओपन फाइल्सची यादी एकदा दाखवा. आणि कार्यालयप्रमुखांनी त्यासाठी अर्धा तास मोकळा द्यावा. मला तो मिळाला, पण रविवारच्या त्या रात्रीनंतर.

आता चार्टच्या फोल्डरमध्ये आठवड्याला एकच फाइल असते. छापील प्रतीच्या तळाशी फाइलचं नाव आणि शेवटच्या बदलाची तारीख-वेळ आपोआप उमटते. त्या रात्री उभ्या राहिलेल्या सिस्टर अजून त्याच वॉर्डात आहेत. दर शनिवारी चार्ट लागला की त्या तळाची वेळ वाचतात आणि मला फोन करतात, “ताई, हाच ना?” मी फाइल उघडते आणि त्यांच्या वॉर्डाची सातही दिवसांची नावं त्यांना वाचून दाखवते.

आपली,
ड्यूटी चार्ट सांभाळणारी एक लिपिक
(कृपया नाव छापू नये.)